अख्ख्या मसुरातली पट्टी

बाबांनी घास तोंडापर्यंत नेला आणि थांबले. मला वाटलं तमालपत्र आलं असेल, अख्खा मसूर म्हणलं की त्यात तमालपत्र, दालचिनीचा तुकडा, मोठी वेलची असं कायतरी निघतंच, आपण ते ताटाच्या कडेला सारतो आणि पुढं जेवतो. पण बाबा ते दोन बोटांत धरून उजेडाकडं करून बघत होते. एकतीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते ते. सौद्याच्या आधी नमुना तळहातावर घ्यायचा आणि त्यातला खडा, माती, कुजकं हळकुंड बोटानं बाजूला काढायचं, ही सवय रिटायर झाल्यावर पण गेली नाही, म्हणून ते त्यांच्या हाताला कळलं. मी असते तर गिळून टाकलं असतं.

"ही पट्टी आहे गं," एवढंच म्हणाले.

जखमेवर लावतो ती चिकटपट्टी. कातडीच्या रंगाची, मधोमध दुमडलेली, चिकट बाजूला मसुराचे सात-आठ दाणे आणि कांद्याची एक पात चिकटलेली. आणि मधला जो जाळीचा चौकोन असतो, औषधाचा, तो लालसर तपकिरी झालेला. त्यातलं तर्रीचं किती आणि दुसऱ्या कशाचं किती हे बघून कळत नव्हतं. मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रोज रक्त, लघवी, थुंकी सगळं हाताळते, मला किळस येत नाही असं मला वाटायचं. त्या दिवशी पोटातनं ढवळून आलं, कारण ते माझ्या बाबांच्या ताटात होतं आणि अर्धी वाटी आधीच संपलेली होती.

बाबांची पासष्टी होती म्हणून आम्ही सांगली-मिरज रोडवरच्या एका हॉटेलात गेलो होतो. नाव लिहीत नाही. त्यांना कराड-इस्लामपूर पट्ट्यातला तसला अख्खा मसूर आवडतो, वर लोणी, सोबत तंदूर रोटी आणि कच्चा कांदा. घरी केला तरी "ती चव येत नाही" म्हणायचे, आणि आई पण हसून मान्य करायची.

वेटर आला, बघितलं आणि पहिलं काम काय केलं तर ताट उचलायला हात पुढं केला. हे मी आता अनेकांकडनं ऐकलंय, कुठल्या पण हॉटेलात जा, कायतरी निघालं की आधी ताट उचलतात. "बदलून आणतो साहेब." आईनं ताटावर हात ठेवला आणि म्हणाली, "ताट राहू दे बाळा. मालकांना बोलव."

आईबद्दल सांगायला पाहिजे. आईनं विश्रामबागेत एकोणीस वर्षं मेस चालवली, इंजिनिअरिंगची पोरं जेवायला यायची, सिझनला पस्तीस-चाळीस ताटं. मी दहावीत असताना एकदा आटपाडीच्या एका पोराच्या आमटीत तारेच्या घासणीची तार निघाली. स्प्रिंगसारखी वळलेली, केसाएवढी बारीक, त्याच्या जिभेला टोचली म्हणून कळलं. पोरगं बिचारं म्हणालं, काकू जाऊ दे, काढून टाकली मी. आईनं सगळ्या पोरांना हात थांबवायला सांगितला आणि भरलेलं पातेलं मोरीत ओतलं, पस्तीस जणांची आमटी, रात्रीचे साडेआठ वाजलेले. मग परत गॅस लावून पिठलं केलं. मी तेव्हा चिडले होते, एवढी तूरडाळ वाया कशाला घालवायची म्हणून. आई म्हणाली, एक तार सापडली, दुसरी आत आहे का नाही हे तू सांगणार का? दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या तारेच्या घासण्या फेकल्या आणि नारळाचा काथ्या आला, तो आजतागायत आहे. ही तार लई वाईट, घशात किंवा टॉन्सिलमध्ये रुतली तर साध्या डोळ्याला दिसत पण नाही, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडंच जावं लागतं. केस निघाला की आपण आरडाओरडा करतो, आणि माणसाच्या डोक्यातनं रोज पन्नास ते शंभर केस गळतात म्हणजे टोपी घातली नाही तर तो पडणारच, पण केसानं बहुतेक वेळा फक्त किळस येते, तारेनं, काचेच्या कपच्यानं, स्टेपलरच्या पिनेनं माणूस जखमी होतो. तरी लोक पिन काढून ताटाखाली ठेवतात आणि गप जेवतात, केसाला मात्र वेटरला बोलवतात. हे उलटं आहे असं मला मनापासून वाटतं.

तर मालक आले. माणूस वाईट नव्हता, हात जोडले, "काकू, चुकून झालं असंल, आपण बिल देऊ नका, दुसरं ताट लावतो, वर काजूकरी माझ्याकडनं." आणि लगेच आत वळून ओरडले, एका पोराचं नाव घेऊन. ते पोरगं बाहेर आलं. सतरा-अठराचं असेल. डाव्या अंगठ्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. सकाळी कांदा चिरताना कापलं होतं, पट्टी लावली होती, दिवसभर हात पाण्यात, पट्टी सैल होऊन कधी पडली त्याला कळलंच नाही. मालकांनी हात उचलला आणि आई खुर्चीवरनं उठली. "त्याला हात लावायचा नाही. अंगठा कापल्यावर त्याला कामाला कुणी ठेवलं? तुम्ही की त्यानं?"

सगळं हॉटेल बघत होतं. बाबा म्हणाले, "अगं बस की." ती बसली नाही. "मला आत बघायचंय," म्हणाली. आणि मालकांनी खरंच नेलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी मागनं गेले.

आत काय बघितलं ते आहे तसं लिहिते. कांदा चिरायचा लाकडी ठोकळा, मधोमध खोलगट झालेला आणि सुरीच्या चिरा काळ्या पडलेल्या. त्याच्या बरोबर वर उघडी ट्यूबलाईट, आणि तिच्या फिटिंगवर मेलेल्या पाखरांचा थर, पावसाळ्यात उजेडाला येतात ती, वारा आला की खाली कुठं पडणार हे सांगायला नको. हात धुवायच्या बेसिनमध्ये भांडी रचलेली, म्हणजे हात धुवायचा कुठं. फ्रिजच्या दाराचं रबर आईनं बोटानं उचललं तर आतनं दोन बारकी झुरळं पळाली. ही फिकट तपकिरी, लहान जात, हिला उबदार, ओलसर फट लागते, फ्रिजच्या मोटरमागं, गॅसच्या शेगडीखाली, रबरात, आणि मादी एका पिशवीत तीस-चाळीस अंडी घेऊन फिरते. दिवसा किचनमध्ये झुरळ दिसलं तर रात्री लई आहेत असं समजायचं, आई मेस चालवताना हेच सांगायची. आणि फर्स्ट एडचा डबा विचारला तर भाजल्यावर लावायची एक ट्यूब आणि तसल्याच कातडीच्या रंगाच्या पट्ट्या निघाल्या.

मला हे माहीत होतं म्हणून मी बोलले, नाहीतर आईच बोलत होती. खाण्याच्या कारखान्यांमध्ये कामगारांना निळी पट्टी लावायला देतात. निळी का, तर निळ्या रंगाचं जेवण नसतं, पडली तर भाजीत, पिठात, डाळीत लगेच दिसते. आणि बऱ्याच पट्ट्यांच्या आत धातूचा पातळ पत्रा असतो म्हणजे मशीनच्या मेटल डिटेक्टरमध्ये सापडते. हॉटेलात मेटल डिटेक्टर नसतो पण डोळे असतात की! वर रबरी हातमोजा घातला की पडायचा प्रश्नच नाही. जखम असेल तर पाणी न शिरणारं ड्रेसिंग पाहिजे, आणि जखम चिघळली असेल तर त्या माणसाला जेवणाच्या कामापासून लांब ठेवायचं, पगार न कापता. मालक ऐकत होते, पोरगं खाली बघत होतं.

मला तेव्हा 2024 ची ती मालाडची बातमी आठवली. जूनमध्ये मुंबईत एका डॉक्टरला आइस्क्रीमच्या कोनात माणसाच्या बोटाचा तुकडा सापडला होता. सगळीकडं कोनचा फोटो फिरला, लोकांनी शी शी केलं, मी पण फॉरवर्ड केला, आज वाईट वाटतं. मग डीएनए तपासणीत ते इंदापूरकडच्या कारखान्यातल्या एका कामगाराचं बोट निघालं, मशीनमध्ये तुटलेलं. म्हणजे आपण किळस करत होतो त्याच्या आधी कुठंतरी एक माणूस बोट धरून ओरडला असेल. त्याच्याबद्दल मला कुणी काय फॉरवर्ड केलं नाही.

बाहेर आलो तर मालक परत तेच, बिल नको. आईनं पूर्ण बिल दिलं. 740 रुपये. बाबांना ते पटलं नाही, मला पण क्षणभर पटलं नाही. पण तिचं म्हणणं बरोबर होतं आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. बिल माफ झालं की तुम्ही तिथं जेवलात याचा कागदच राहत नाही. बिलावर तारीख असते, हॉटेलचं नाव असतं, आणि 1 जानेवारी 2022 पासून बिलावर चौदा आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे सरकारी अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा नंबर, छापणं सक्तीचं आहे. तो नंबर नसेल तर तीच पहिली तक्रार.

मी काय केलं तर आधी ताटाचा फोटो काढला, मग पट्टी आणि बिल एका फोटोत. आणि पार्सलचा एक नवा कोरा डबा मागून घेतला, चमच्यानं पट्टी आणि आजूबाजूचा मसूर त्यात भरला, झाकणावर तारीख, वेळ लिहिली, घरी फ्रीजरमध्ये ठेवला. लॅबवाल्यांची सवय. सॅम्पल गेलं की नुसतं तोंडी भांडण राहतं. वस्तूच सांगते की काय झालं. झुरळाचंच घ्या, ते भाजी शिजताना आत होतं की ताट वाढल्यावर पडलं हे तपासता येतं, किड्याच्या अंगात कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं ते उष्णतेनं मरतं, म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर फेस आला तर तो किडा शिजलेला नाही. लई दिवस मेलेला असेल तर ही टेस्ट तेवढी खात्रीची नाही, पण पोलीस पंचनामा करतात तसाच हा पंचनामा. ताट मोरीत गेलं की हे सगळं गेलं.

दुपारी दीड वाजता बाबा जेवले होते. घरी आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, आई आत असताना, "मला कायतरी होईल का गं त्याच्यानं? एड्स वगैरे?" मी सांगितलं, नाही बाबा, एचआयव्ही किंवा कावीळ बी जेवणातनं होत नाही. हे खरं आहे आणि मी खात्रीनं सांगितलं. जे सांगितलं नाही ते म्हणजे पिकलेल्या जखमेत स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू असतात, ते जेवणात वाढले की विष तयार करतात, जंतू उकळून मरतात पण ते विष उकळून पण जात नाही. लक्षणं अर्ध्या तासापासून आठ तासांपर्यंत कधी पण सुरू होतात, उलट्या, पोटात कळ. मी रात्री साडेनऊपर्यंत घड्याळ बघत बसले. टीव्हीवर काय चाललं होतं मला सांगता येणार नाही. बाबा मध्ये एकदा उठून मोरीकडं गेले तर मी मागोमाग गेले, ते नुसते चूळ भरत होते. परत आले, परत गेले, परत चूळ. साडेनऊला काय झालं नाही, दहाला पण नाही, मग मी झोपले.

कायद्याचं थोडं लिहिते कारण लोकांना वाटतं आपल्या हातात काय नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा आहे, त्याच्या कलम 54 मध्ये जेवणात बाहेरची वस्तू निघाली तर एक लाखापर्यंत दंड आहे, आणि कलम 56 मध्ये घाणेरड्या जागेत जेवण बनवलं तर तेवढाच. कलम 40 तर फार थोड्या जणांना माहीत असेल, साधा ग्राहक पण फी भरून तपासणी करून घेऊ शकतो, फक्त घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे, आणि रिपोर्ट त्याच्या विरोधात आला तर फी परत मिळते. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर 1800-222-365. ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. नुसता खाणारा माणूस पण ग्राहक असतो, बिल दुसऱ्यानं दिलं तरी. आमच्यात बिल आईनं दिलं आणि पट्टी बाबांच्या ताटात, तरी चालतं.

हे शेवटचं मला भारी वाटतं कारण त्याच्यामागं एक जुनी गोष्ट आहे. 26 ऑगस्ट 1928 ला स्कॉटलंडमध्ये पेस्ली गावात मिसेस डोनोग्यू नावाची एक बाई मैत्रिणीबरोबर कॅफेत गेली, मैत्रिणीनं तिला जिंजर बिअर घेऊन दिली, बाटली गडद काचेची, आतलं दिसत नव्हतं. अर्धी प्यायल्यावर उरलेली ओतली तर कुजलेली गोगलगाय बाहेर आली असं तिचं म्हणणं. आजारी पडली. पण पैसे मैत्रिणीनं दिलेले, म्हणजे हिचा करार कुणाशीच नाही, दाद मागायची कुणाकडं? केस थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेली आणि 1932 मध्ये तीन विरुद्ध दोन अशा निकालानं ठरलं की बनवणाऱ्याची जबाबदारी शेवटी खाणाऱ्या-पिणाऱ्या माणसापर्यंत जाते, पैसे कुणी का देईना. आपल्याकडं कॉलेजात कायदा शिकणाऱ्या पोरांना अजून ही केस शिकवतात. एका बाईनं ती बाटली टेबलावर सोडून घरी जायचं नाही असं ठरवलं म्हणून झालं.

बाबा तक्रार करू नको म्हणाले. पोराची नोकरी जाईल म्हणून. आम्ही ठरवलं की मालकांना आठ दिवस द्यायचे, आईनं त्यांना फोन करून सांगितलं पण, निळ्या पट्ट्या, ट्यूबलाईटला कव्हर, बेसिन रिकामं, ठोकळा बदला, पोराला बरं होईपर्यंत भरपगारी दुसरं काम द्या. नवव्या दिवशी मी ड्युटीवरनं येताना थांबले. ट्यूबलाईटला कव्हर होतं. ठोकळ्याच्या जागी पांढरा प्लास्टिकचा बोर्ड होता. काउंटरच्या ड्रॉवरमधनं मालकांनी निळ्या पट्ट्यांचं पाकीट काढून दाखवलं, सील न फोडलेलं. मी विचारलं पोरगं कुठाय. "गावाकडं गेलाय." कधी येणार? "बघू, ताई." मी परत विचारलं. त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघितलं.

बाहेर येऊन गाडीवर बसले तर हात थरथरत होते. आम्ही पाच गोष्टी सांगितल्या होत्या, त्यातली जी एका माणसाबद्दल होती तीच उलटी झाली. ट्यूबलाईटला कव्हर लावायला दोनशे रुपये लागले असतील. पोराला तर एक रुपया पण खर्च न करता घालवता येतं. घरी येऊन मी त्याच रात्री तक्रार दिली, किचनची, सगळ्या फोटोंसकट, आणि त्यात लिहिलं की जखमी कामगाराला पाण्याच्या कामाला लावलं होतं ही मालकाची चूक आहे, कामगाराची नाही. बाबांना सांगितलं. ते काय बोलले नाहीत, पोराचं गाव कुठलं ते विचारलंस का, एवढंच म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

फ्रीजरमधला डबा अजून आहे, मटारच्या पिशवीमागं. आई रोज बघते आणि परत झाकते.

परवा रात्री घरी आमटी-भात होता. बाबांनी वाटी जवळ ओढली आणि चमचा घेऊन तळापासनं आमटी वर काढली, उजेडात धरली, परत ओतली, परत काढली. एकदा, दोनदा, तीनदा. आईच्या हातची आमटी, ज्या हातानं पस्तीस जणांचं पातेलं ओतून दिलं होतं त्या हातची. आईनं बघितलं. काही बोलली नाही, भात वाढला, आणि उठून स्वयंपाकघरातला दुसरा दिवा पण लावला.